गरोदरपणातली कंबरदुखी : ओझं कुणी उतरवायचं?



आपल्या मराठीत कंबरेवरून किती बोललं जातं बघा. मोठं काम हाती घ्यायचं असलं की आपण कंबर कसतो. अडचण आली की कंबर बांधून उभ्या राहतो. महागाईनं आपलं कंबरडं मोडतं. घराचा सगळा भार कंबरेवर असतो, हे आपल्या भाषेला पक्कं ठाऊक आहे. पण तेच पोटुशी बाई म्हणाली, "कंबर फार दुखतेय," की उत्तर काय मिळतं? "दिवस गेल्यावर दुखायचीच. आम्ही काय पोरं काढली नाहीत?" झालं, विषय संपला.

आज आम्ही तुम्हाला या दुखण्याचा इतिहास सांगणार आहोत. इतिहास म्हटलं की आपल्याला किल्ले आणि लढाया आठवतात. पण दुखण्यालाही इतिहास असतो. कोणत्या काळात त्यावर काय उपाय केले, कोणी केले, आणि ते कोणत्या बाईपर्यंत पोचले नाहीत, हे कळलं की आज आपण काय मागायचं ते नीट कळतं. म्हणून गोष्ट अगदी सुरुवातीपासून सांगतो.

ही सुरुवात लाखो वर्षांपूर्वीची आहे. माणूस चार पायांवरून दोन पायांवर उभा राहिला, तेव्हाच बाईच्या कंबरेपुढे एक नवा पेच आला. गाय गाभण असली तर वासराचं वजन खाली, चार पायांच्या मधोमध लोंबतं. बाईचं बाळ मात्र पुढे वाढतं. जसजसं पोट पुढे येतं तसतसा शरीराचा तोल पुढे जातो, आणि पडू नये म्हणून बाई खांदे मागे टाकते, कंबर आत वळवते. डोक्यावर हंडा घेतल्यावर आपण तोल सांभाळतो ना, तसंच हे आहे. फरक एवढाच, की हा हंडा नऊ महिने खाली ठेवता येत नाही.

2007 साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात तीन अमेरिकी संशोधकांचा एक अभ्यास छापून आला. त्यांनी स्त्री-पुरुषांच्या कण्याचे मणके तपासले. कंबरेचा जो बाक असतो, तो पुरुषात दोन मणक्यांवर बेतलेला असतो आणि बाईत तीन मणक्यांवर. म्हणजे बाक जास्त मणक्यांवर वाटला जातो आणि गरोदरपणात मागे झुकताना एकाच जागी ताण येत नाही. माणसाच्या फार जुन्या पूर्वजांच्या हाडांतही त्यांना हा फरक दिसला. बाईचा कणा गरोदरपणाचं ओझं पेलण्यासाठीच असा घडला आहे. पण तो बाळाचं ओझं पेलायला घडला. बाळाच्या जोडीला दोन हंडे, लाकडाची मोळी आणि उसाची मोळी पेलण्याची सोय निसर्गानं केलेली नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट याच्याभोवती फिरते.

आता आपल्या देशातल्या जुन्या ग्रंथांकडे येऊ. चरकसंहितेत गरोदर बाईची महिन्या-महिन्याची काळजी सांगितली आहे. पहिल्या महिन्यात दूध, चौथ्यात दुधाबरोबर लोणी, पाचव्यात तूप, आठव्यात दुधात शिजवलेली तुपाची पेज, असा तो क्रम आहे. नवव्या महिन्यात औषधी तेलाचे उपचार सांगितले आहेत. आणि हे सगळं कशासाठी? तर बाळंतपणाच्या वेळी बाईची कूस, कंबर, बरगड्यांच्या बाजू आणि पाठ मऊ राहावी म्हणून. म्हणजे इतक्या जुन्या काळातल्या वैद्यांनाही गरोदर बाईच्या कंबरेचा आणि पाठीचा विचार करावासा वाटला होता.

त्याच ग्रंथात एक दाखला आहे. तेलानं काठोकाठ भरलेलं भांडं नेताना माणूस ते हिंदकळू नये म्हणून जसं जपून नेतो, तसं गरोदर बाईला जपावं, असं चरकात सांगितलं आहे. एक खुलासा मात्र आताच करतो. ग्रंथातले तेलाचे उपचार वैद्यांनी करायचे होते. ते घरच्या घरी कुणाच्या सांगण्यावरून करू नका. दाखला मात्र घरोघर लावण्यासारखा आहे.

पण विचार करा, भरलं भांडं जपून न्यायला कुणाला परवडत होतं? दूध, लोणी, तूप ज्या घरात होतं त्या घरातल्या बाईला. जिच्या घरी ज्वारीची भाकरीच जेमतेम होती, ती दुसऱ्याच्या शेतात निंदणीला वाकलेली असायची. उपाय लिहिला गेला, पण तिच्या दारापर्यंत आला नाही. ही या इतिहासातली पहिली अडचण.

तिच्या दारापर्यंत आली ती सुईण. सुईणीकडे ग्रंथ नव्हता, हात होते. तिळाचं नाहीतर करडईचं कोमट तेल, हलक्या हातानं चोळणं, निर्गुडीच्या पाल्याचा शेक, मिठाची नाहीतर वाळूची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकणं, हे उपाय तिनं पिढ्यान्‌पिढ्या केले. यातले पाठीला दिलेला कोमट शेक आणि हलक्या हातानं चोळणं हे दोन उपाय आजही चालतात. पण सगळंच जुनं सोनं नसतं. पोट चोळून बाळ 'सरळ' करणं, पाठीवर पाय देऊन उभं राहणं, दुखऱ्या जागी बिब्बा घालणं किंवा डाग देणं, यांनी इजा होते. जुन्यातलं चांगलं ठेवायचं आणि घातक सोडायचं, एवढी निवड आपण करू शकतो.

सुईणीच्या जोडीला आणखी एक उपाय आपल्या समाजात होता, आणि तो औषधांच्या यादीत कधी आला नाही. तो म्हणजे माहेरपण. सातवा महिना लागला की लेकीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायचं. चोळी भरायची, डोहाळजेवण करायचं. यात हौस तर होतीच, पण त्या काळी सासरच्या रामरगाड्यातून सुटायची ती एकच वाट होती. पहाटे उठून जात्यावर दळण, मग विहिरीवरून पाणी, मग जमिनीवरच्या चुलीपुढे वाकून धुरात स्वयंपाक, मग शेण-गोठा, मग शेत. या सगळ्याचा भार कंबरेवरच. माहेरी गेली की आई म्हणायची, "बस जरा." हा 'बस जरा'च कंबरेवरचा खरा इलाज होता.

पण हा इलाज साधारणपणे पहिल्या खेपेलाच. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणाला घरी लहान लेकरं असायची, मग कुठलं माहेर? आणि जिचं माहेरच गरीब, तिला पहिल्या वेळीही नाही. तेव्हा इथेही उपाय होता, पण तो नशिबावर होता.

आता एकोणिसाव्या शतकात येऊ. इंग्रजी राज्यात दवाखाने निघाले, पण डॉक्टर सगळे पुरुष. आपलं अंगावरचं दुखणं परपुरुषाला सांगायचं कसं, म्हणून बाया ते अंगावरच काढायच्या. कल्याणला 1865 मध्ये जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांनी हेच ओळखलं. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. 1883 मध्ये अमेरिकेला निघण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूर इथे त्यांनी भाषण केलं. हिंदुस्थानात बायकांना स्त्री-डॉक्टरांची किती गरज आहे, ते त्यांनी त्यात सांगितलं. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातून 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. तिथे त्यांनी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय होता प्राचीन हिंदूंचं प्रसूतिशास्त्र. परदेशात शिकत असताना ही मुलगी आपल्याकडच्या बाळंतपणाच्या जुन्या ज्ञानाकडे नव्या नजरेनं बघत होती.

26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. वय अवघं एकवीस. पण वाट उघडली होती. 1886 मध्येच मुंबईत बायका आणि मुलांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झालं, आणि तिथे एडिथ पेची नावाच्या इंग्रज बाई डॉक्टर होत्या. बाईनं बाईला आपलं दुखणं सांगायचं आणि समोरच्या बाईनं ते लिहून घ्यायचं, ही गोष्ट आपल्याकडे त्या सुमारास सुरू झाली. आज आपली आशाताई दारात येऊन विचारते, "काही दुखतंय का गं?" तो प्रश्न विचारायला किती वर्षं लागली, ते यावरून कळतं.

तिकडे विलायतेत 1894 मध्ये आणखी एक गोष्ट घडली. रोझलिंड पॅजेट आणि त्यांच्या तीन सहकारी परिचारिका अशा चौघींनी मिळून मालिश करणाऱ्या प्रशिक्षित बायकांची एक संस्था काढली. पॅजेट स्वतः सुईणीचं शास्त्रही शिकलेल्या होत्या. मालिश म्हणजे हलकं काम, असं लोक समजत होते. त्याला शिक्षण आणि मान मिळावा म्हणून या बाया उभ्या राहिल्या. त्यातूनच पुढे फिजिओथेरपी नावाची शाखा वाढली. म्हणजे हातानं, हालचालीनं आणि व्यायामानं उपचार. आपल्याकडे ती 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत रुजली. पोलिओची साथ येऊन गेली होती, आणि त्यानंतर केईएम हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपी शिकवायला सुरुवात झाली. आज जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपीचा विभाग असतो. आमच्या अनुभवात गरोदर बाईला तिथे कुणी पाठवत नाही आणि तीही मागत नाही. मागायला हवं.

दुखतं का, याचं उत्तरही याच काळात हळूहळू उलगडलं. 1926 मध्ये फ्रेडरिक हिसॉ या अमेरिकी शास्त्रज्ञानं गिनीपिग या लहान प्राण्यांवर प्रयोग केले. गरोदर प्राण्याच्या रक्तातलं पाणी गरोदर नसलेल्या मादीला टोचलं, तर तिच्या ओटीपोटाच्या हाडांचे सांधे सैल पडले. शरीरात तयार होणाऱ्या या द्रव्याला पुढे रिलॅक्सिन असं नाव मिळालं. बाळाला बाहेर यायला वाट व्हावी म्हणून शरीर सांधे सैल सोडतं. सांधे सैल झाले की त्यांना धरून ठेवायचं काम स्नायूंवर येतं, आणि स्नायू थकतात. पोटाचे स्नायूही ताणलेले असतात, त्यामुळे पाठीवर आणखी भार येतो. नुसत्या या एका द्रव्यावर दोष ढकलता येत नाही, हे नंतरच्या अभ्यासांतून दिसलं. वाढतं वजन, बदललेला तोल, थकलेले स्नायू आणि रोजचं काम, हे सगळं मिळून दुखणं होतं. जगभरच्या अभ्यासांत साधारण निम्म्या गरोदर बायका कंबर किंवा ओटीपोटाची हाडं दुखतात असं सांगतात. तेव्हा मैत्रिणींनो, सुनेची कंबर दुखते ते नखरे नाहीत आणि कामचुकारपणाही नाही.

एवढं कळल्यावर पुढचा प्रश्न येतो : मग तिला विश्रांती द्यायची कुणी? इथे ही गोष्ट दवाखान्यातून कायद्यात शिरते.

1919 मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. कारखान्यात काम करणाऱ्या बाईला बाळंतपणाआधी सहा आठवडे आणि नंतर सहा आठवडे सुट्टी असावी, असा करार तिथे झाला. त्या काळी मुंबईच्या कापडगिरण्यांत हजारो बाया कामाला होत्या. कोकणातून, देशावरून आलेल्या. दिवसभर उभ्यानं काम. पोट आलं तरी मजुरी बुडू नये म्हणून कामावर जायचं. 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात या बायांसाठी बाळंतपणाच्या लाभाचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देणारं भाषण केलं. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्याच हिताचं आहे, असं त्यांनी मांडलं. दुसऱ्या वर्षी, म्हणजे 1929 मध्ये, मुंबई प्रांताचा कायदा झाला. आपल्या देशातला अशा प्रकारचा तो पहिला कायदा. गरोदर बाईची विश्रांती ही सासूची मेहेरबानी किंवा मालकाची दया न राहता तिचा हक्क झाली, ती तेव्हा.

पुढे 1961 मध्ये सगळ्या देशासाठी मातृत्व लाभ कायदा आला. त्यात एक कलम आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याचं आहे. बाळंतपणाच्या तारखेआधीचे सहा आठवडे आणि त्याच्याही आधीचा एक महिना, या काळात बाईनं मागणी केली तर तिला कष्टाचं किंवा फार वेळ उभं राहण्याचं काम देता येत नाही. कायदा करणाऱ्यांनी 'फार वेळ उभं राहणं' हे शब्द लिहिले, यातच सगळं आलं. 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा बारा आठवड्यांवरून 26 आठवडे झाली.

पण मैत्रिणींनो, हा कायदा कुणासाठी? कारखाना, दुकान, कचेरी इथे नोंद असलेल्या बाईसाठी. आपण शेतात राबतो, आपली नोंद कुठे? ऊसतोडीला नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. उचल दोघांच्या नावावर असते, आणि एक दिवस बाई बसली तर खाडा पडतो. सातव्या महिन्यात मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढणाऱ्या बाया आपल्याच गावांतून जातात. वीटभट्टीवर तेच. शिवाय आपल्या स्वतःच्या शेतात आणि घरात केलेल्या कामाला तर कुणी कामच म्हणत नाही, मग रजा कसली? चरकाच्या काळी जे झालं तेच इथेही झालं. उपाय लिहिला गेला, पण सगळ्यांच्या दारापर्यंत आला नाही.

या बायांसाठी थोडी वाट झाली ती अलीकडे. 2017 पासून प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 5000 रुपये बाईच्या खात्यात मिळतात. 2022 पासून दुसरी मुलगी झाली तर 6000 रुपये मिळतात. बुडालेल्या मजुरीची थोडी भरपाई व्हावी आणि बाईला आराम करता यावा, हा त्या पैशाचा हेतू आहे. रक्कम थोडी आहे, हे खरं. पण ती रक्कम आराम करण्यासाठी आहे हे घरातल्या माणसांना सांगितलं पाहिजे, नाहीतर ती खताच्या उधारीत जाते.

आता औषधांचा इतिहास थोडक्यात. कारण कंबर दुखली की आपल्याकडे मेडिकलमधून गोळी आणायची सवय आहे. 1957 मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचं औषध विक्रीला आलं. झोपेसाठी आणि गरोदरपणातल्या मळमळीसाठी ते निर्धोक म्हणून विकलं गेलं. 1961 च्या अखेरीस ते तिथल्या बाजारातून मागे घेतलं, तोवर वेगवेगळ्या देशांत दहा हजारांहून जास्त बाळं हात-पाय अपुरे घेऊन जन्मली होती. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी नावाच्या बाई अधिकाऱ्यानं पुरावा अपुरा आहे म्हणून त्या औषधाला परवानगी दिली नाही, म्हणून तिथली कितीतरी बाळं वाचली. ते औषध कंबरदुखीचं नव्हतं. पण आईनं घेतलेली गोळी बाळापर्यंत पोचते, हा धडा जगाला तिथे मिळाला.

तो धडा कंबरदुखीच्या गोळ्यांनाही लागू आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या गरोदरपणात आपल्या मनानं घेऊ नयेत. पाचवा महिना पुरा झाल्यावर तर त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर आणि बाळाभोवतीच्या पाण्यावर परिणाम होऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी 2020 मध्ये दिला. गरज पडली तर डॉक्टर बहुतेक वेळा पॅरासिटामॉल सुचवतात, तेही थोडे दिवस आणि सांगितलेल्या मापातच. दुकानदाराला विचारून नाही, दवाखान्यात विचारून.

मग आजचं शास्त्र काय म्हणतं? पूर्वी पाठदुखीवर डॉक्टर सरसकट सांगायचे, "आठ-पंधरा दिवस पडून राहा." 1986 मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला. तो गरोदर बायांवर नव्हता, साध्या पाठदुखीच्या रुग्णांवर होता. सात दिवस पडून राहायला सांगितलेल्यांपेक्षा दोन दिवस सांगितलेले लोक लवकर कामाला लागले, आणि दुखणं काही वाढलं नाही. तेव्हापासून नुसतं पडून राहण्याचा सल्ला मागे पडत गेला.

2015 मध्ये गरोदरपणातल्या कंबरदुखीवरच्या जगभरातल्या 34 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात पाच हजारांहून जास्त बाया होत्या. व्यायामानं कंबरदुखी कमी होते आणि हालचाल सुधारते, असं त्यात दिसलं. पुरावा फार भक्कम नाही, असंही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं. 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं, की कंबरदुखी टाळण्यासाठी गरोदरपणात नियमित व्यायाम करावा. आणि दुखलंच तर फिजिओथेरपी, आधाराचा पट्टा, अॅक्युपंक्चर असे पर्याय आहेत. त्यातला कोणता निवडायचा हे बाईची आवड आणि मिळणारी सोय यावर ठरवावं. बाईची आवड! हे शब्द नीट ऐका.

इथे कुणी म्हणेल, "व्यायाम कशाला, आमची सून दिवसभर राबते की." कष्ट आणि व्यायाम यांत फरक आहे. व्यायाम आपण ठरवून, हळूहळू, थकेपर्यंत न करता करतो, आणि दमलो की थांबतो. कष्टात थांबायची मुभा नसते. वाकून केलेली दोन तासांची निंदणी कंबरेला थकवते, तर अर्धा तास मोकळं चालणं तिला बळ देतं. काम केल्यानं बाळंतपण सोपं होतं, असं आपल्या आज्या सांगायच्या. त्यातलं हालचालीचं म्हणणं बरोबर, पण ओझं उचलणं हे त्याचं औषध नव्हे.

घरी करण्यासारखं काय, ते आता सांगतो. दवाखान्यातून मनाई नसेल तर रोज चाला. हात आणि गुडघे जमिनीवर टेकून, मांजर जशी पाठ वर करते तशी पाठ हळूच वर करा आणि परत सरळ करा, आठ-दहा वेळा. भिंतीला पाठ लावून, गुडघे किंचित वाकवून, कंबरेचा बाक भिंतीला टेकवायचा प्रयत्न करा, श्वास न रोखता. झोपताना कुशीवर झोपा, दोन गुडघ्यांच्या मध्ये घडी केलेली गोधडी ठेवा. उठताना एकदम सरळ उठू नका, आधी कुशीवर वळा आणि हाताचा आधार घेऊन उठा. काही उचलायचं तर कंबरेत न वाकता गुडघ्यात वाका. मोठा हंडा सोडा, लहान कळशीनं पाणी आणा, किंवा दुसऱ्या कुणाला आणू द्या. ओट्याशी उभं राहायचं तर एक पाय लहान पाटावर ठेवा आणि मधूनमधून पाय बदला. शेक द्यायचा तो कोमट, पाठीला, पोटाला नाही. पट्टा बांधायचा तर फिजिओथेरपिस्टला किंवा डॉक्टरला दाखवून. करकचून बांधलेला पदर म्हणजे पट्टा नव्हे.

आणि हे मात्र पाठ करा. कंबरदुखीबरोबर अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, ताप आला, लघवीला जळजळ झाली, दिवस भरण्याआधीच कळा थांबून थांबून येऊ लागल्या, पायातली शक्ती गेली, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर ती साधी कंबरदुखी नाही. घरी शेकत बसू नका. 102 किंवा 108 ला फोन करा आणि दवाखाना गाठा. एरवी, दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. 2016 पासून ती सोय आहे. तिथे गेल्यावर वजन आणि रक्तदाब झाला की उठू नका. "माझी कंबर दुखते, फिजिओथेरपीला पाठवा," असं सांगा.

मैत्रिणींनो, एवढ्या मोठ्या इतिहासात कंबरेवरचे उपाय फारसे बदलले नाहीत. तेल, शेक, आधार, हलका व्यायाम, ओझं कमी आणि वेळेवर आराम. हे चरकाला ठाऊक होतं, सुईणीला ठाऊक होतं, कायदेमंडळाला ठाऊक होतं आणि आता जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. दर वेळी अडलं ते एकाच ठिकाणी. बाईच्या डोक्यावरचं ओझं आपल्या हातात घ्यायला कुणी पुढे आलं नाही.

ते आपण येऊ शकतो. आपल्या गटात कोण पोटुशी आहे हे आपल्याला बैठकीच्या दिवशीच कळतं. सातव्या महिन्यापासून तिचं पाणी आळीपाळीनं भरायचं, तिच्या वाट्याच्या निंदणीला एकीनं सावड करायची, आणि तिच्या नवऱ्याला व सासूला दोघींनी घरी जाऊन समजावायचं, एवढं पुढच्या बैठकीत ठरवून वहीत लिहा. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचं नाव निघण्याआधीच आशाताईकडे नोंदवा, म्हणजे जिथे टोळी उतरेल तिथे तिची तपासणी चुकणार नाही. आणि तुमच्या गावात हे कसं जमलं, ते आम्हाला कळवा. तुमचं पत्र आम्ही रेडिओवर वाचून दाखवू.

तब्येतीला जपा, आणि शेजारणीलाही जपा. नमस्कार.